ए साडेतीन

धरणगावच्या दवाखान्यात ट्यूबलाइट मालवून
डॉक्टरीण मला खिडकीशी नेते.
"दिवा खोटं बोलतो, काका."
हे मला सांगते!
तीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाची प्रत लावली मी,
उत्तरेच्या उजेडात, मुठीत धरून.

एकेक नमुना ओठाशी धरते ती.
ए एक. ए दोन.
खाली मेलेला दात,
सातवीतल्या विटीनं काळा केलेला.
"पांढराशुभ्र देऊ?"

नको.
नुसतं शुभ्र दिसलं की मी गाठोडं आतून उकलायचो.

शेजारचा दात बघ, बाई.
चहा, तंबाखू, फुफाटा.
फरदडीचा पिवया रंग,
जो मी जन्मभर बाजूला काढला.
तोच दे.

ती चिठ्ठीवर लिहिते: ए साडेतीन.
माझी मूठ आपोआप मिटते,
सरकी चाचपत.