एका ताऱ्याचं हॉटेल

बस वेशीबाहेर सोडून परत फिरली.
पुढचा चढ बॅगेच्या चाकांनी मोजला,
दगडादगडावर खडखडत,
तेव्हा वोल्तेर्रातल्या एका खिडकीतून कुणीतरी काही म्हणालं.
बहुधा, आलं वाटतं कुणी.

दाराशी पितळी पाटी. तिच्यावर एक तारा,
आणि शेजारी स्क्रूची दोन भोकं,
दुसरा तारा होता तेव्हाची.

नेदोनं पासपोर्ट उलटसुलट पाहिला,
माझं आडनाव तोंडात घोळवलं,
चावता येईना म्हणून अख्खंच गिळलं
आणि किल्ली पुढे सरकवली.
तिला बांधलेला दुधी दगडाचा गोळा,
लिंबाएवढा, गार,
दिव्यासमोर धरला की आतून उजळणारा.
"मीच कातलेला," तो म्हणाला.
"खिशात जड होतो. म्हणून लोक परत आणून देतात."
शहराचा कर वेगळा. दीड युरो. सुटेच हवेत.
आणि लिफ्ट?
त्यानं वर छताकडे पाहिलं,
जणू मी देवाबद्दल विचारलं होतं.

एकोणसाठ पायऱ्या.
पलंग मधोमध खोलगट,
आधी झोपून गेलेल्या सगळ्यांचा मिळून एक साचा;
मी निमूट त्यात मावले.
कपाट उघडलं की खोलीचं दार उघडत नाही.
बेसिनमध्ये एका वेळी एकच हात.

खिडकी उघडली तर समोर भिंत.
तळाशी अवाढव्य दगड,
ज्यांची भाषा आता कुणालाच धड कळत नाही
अशा माणसांनी रचलेले,
त्यांवर लहान दगड, त्यांवर विटा,
अगदी वर टपटपणारा एसी.
अडीच हजार वर्षं,
आणि माझे दात घासून होईतो सगळी बघून झाली.
दरीकडची खोली वीस युरोंनी महाग होती.
मी नको म्हटलं होतं.

रात्री एका चर्चनं अकरा वाजल्याचं सांगितलं.
दोन मिनिटांनी दुसऱ्यानं तेच सांगितलं,
पहिल्यावर विश्वास नसल्यासारखं.
मधल्या दोन मिनिटांत
खाली कुणीतरी खोकत राहिलं.

सकाळी कॉफी अर्धी झाली होती
तेव्हा एर्सिलिया आली,
माझ्या दोन्ही हातांकडे बोट दाखवलं, मग वर.
वारा सुटला होता. गच्चीवर नऊ चादरी.

टोकं धरायची, ताणायची, झटकायची,
चालत जवळ यायचं, तिच्या हातात टोकं द्यायची,
खाली वाकून घडी उचलायची, पुन्हा मागे सरायचं.
पाचव्या चादरीपर्यंत मला तिच्या सगळ्या सुरकुत्या
आणि तिला माझ्या पाठ झाल्या होत्या.
बोलणं कमी. माझं इटालियन पुस्तकातलं,
तिचं भराभरा आणि अर्धं वाऱ्याला दिलेलं.

नेदो चाळीस वर्षं तो दगड कापायचा, म्हणाली.
संध्याकाळी घरी यायचा तो पीठ लागलेल्या पावासारखा.
आता दिवसभर खुर्चीत असतो, स्वच्छ.
धूळ मात्र आत राहिली.
तारा? तो लिफ्टबरोबर गेला.

सहावी चादर दोरीवरून उतरली
आणि तिच्यामागे सगळंच होतं:
वीस युरोंचं आणि त्याहून बरंच जास्त,
राखी टेकड्या, एक ट्रॅक्टर, पार तिकडे समुद्राची रेघ,
आणि गावाच्या कडेला तो तुटलेला कडा,
मातीचा, उभा, कुणीतरी नुकताच घास घेतल्यासारखा.
तिथे एक चर्च होतं. गेलं.
त्याच्याही आधी तटाची भिंत. तीही.
"आमच्यापर्यंत यायला?"
तिनं बोटांवर हिशोब केला,
बसची वेळ सांगावी तसा,
मग मधेच सोडून दिला. "ओढ. वाकडी घडी झाली."

निघताना किल्ली परत दिली.
नेदोनं ती फळ्यावर टांगली.
बारा आकडे, अकरा गोळे,
सातव्या आकड्याला काहीच नाही.
मी नुसतं पाहिलं. विचारलं नव्हतं.

"एक डॅनिश बाई," तो म्हणाला,
"एकोणीसशे एक्क्याण्णव, जून."
आणि माझ्या खांद्यावरून
एकदा दाराकडे बघून घेतलं.