तिची बाजू

लेडलॉ बाईंनी गाडी आणली ती ट्रेलरवर घालून,
शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमागे, गोरच्या पलीकडून.
चौसष्टची पॉन्टिअॅक, मूळची ऑरेगनची,
रंग शिळ्या सायीचा,
दाराच्या फटीत मेंढीच्या लोकरीचा झुबका अडकलेला.

चाक इकडे हवंय, म्हणाल्या.
मी म्हटलं, बाई, एवढ्या जुन्या गाडीला सक्ती नाही,
डावीकडूनच चालवा की,
खर्च गाडीच्या किमतीला जाऊन टेकेल.
म्हणाल्या, सव्वीस वर्षं मी या बाजूला बसले.
मी नाही सरकणार.
चाक सरकवा.

रावीरीने जॅक लावला.
स्टीअरिंगची पेटी निघाली, ब्रेकचं पायडल निघालं,
वायरींचं जुनं गुंतवळ निघालं,
डॅशबोर्ड कापून आरशात दिसेल तसा उलटा जोडला.
लोखंडाला डावं-उजवं नसतं
असं आम्ही शिकाऊ पोरांना सांगतो.
थाप आहे ती.
लोखंडाला सवय असते.
भोक होतं तिथे ठिगळ, अखंड होतं तिथे भोक,
आणि उजवीकडे धुराड्याची नळी
आधीच संसार थाटून बसलेली,
तिची समजूत घालण्यात तीन आठवडे गेले.
दिव्यांची नजर वळवावी लागली,
समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जायची.
वायपरसुद्धा:
काचेचा कुठला कोपरा पुसायचा, कुठला ओला सोडायचा,
हे कुणीतरी साठ वर्षांपूर्वी
दुसऱ्याच देशात ठरवून टाकलेलं.

सीट मात्र सलग, बाकासारखी.
डाव्या अंगाला एक खळगा. फर्गसचा.
नवा फोम भरू का, मी फोनवर विचारलं.
पलीकडे वारा ऐकू आला, कुत्रं भुंकलं,
मग: सीटला हात लावायचा नाही.

एका दुपारी त्या थर्मास घेऊन आल्या
आणि उघड्या सांगाड्यात, उजवीकडे, बसून राहिल्या.
ना चाक, ना काच. समोर माझी हत्यारांची भिंत.
त्याला पुढचं दिसायचंच नाही, म्हणाल्या,
दुधाचा टँकर आला पुढे की झालं,
त्याच्या वाट्याला नुसतं गटार आणि तारेचं कुंपण.
रस्त्याच्या मधल्या रेघेशी मी. मी बघायची.
थांब. थांब. अजून थांब. आता.
लग्नात आम्ही फार बोललो नाही, पण हे रोज बोललो.
एकदा रुसले होते, तर तोंडच उघडलं नाही;
लम्सडेनपासून किंग्स्टनपर्यंत
गवताच्या ट्रकमागे, ताशी चाळीसने,
आणि पठ्ठ्याने एकदाही विचारलं नाही, जाऊ का?
हसल्या. कपातला चहा सांडला,
माझ्या नव्या वेल्डिंगवर.

शेवटी एका मंगळवारी गाडी उजवली.
तपासनीस आला, खाली वाकला, ठोकून पाहिलं,
कागदावर सही करून गेला.

पहिल्या फेरीला मी सोबत.
डावीकडे बसलो, तर खळग्यात घसरलो,
मोठ्या भावाच्या बुटात पाय घातल्यासारखा.
त्या ताठ बसल्या, हनुवटी चाकाच्या वर,
गिअर अजून दांड्यावर चाचपत.
मातौरा गेलं. पुढे टँकर,
चकचकीत पोट, त्यात आमची गाडी
चपटी, लांबुळकी, सायीचा डाग.
माझ्याकडून खरंच काही दिसत नव्हतं:
गटार, हरकेकेची झुडपं, तार, तार, तार.
त्यांना सगळं दिसत होतं.
थांब, त्या पुटपुटल्या.
थांब.
मग स्पष्ट: आता.

आणि काहीच झालं नाही.
गाडी होती त्याच वेगात, टँकर होता तिथेच.
मी त्यांच्या पायाकडे पाहिलं.
पाय पायडलवर होता,
शांत, नेमका, ऐकण्याच्या तयारीत,
आणि हुकूम आपल्यालाच आहे
हे त्याच्या ध्यानीच आलेलं नव्हतं.

एडनडेलच्या फाट्यावर टँकर आपणहून वळला,
डेअरीकडे.
समोर सपाट, ओला, रिकामा रस्ता.
आता बाईंनी वेग घेतला, इतका
की मी दाराचा दांडा घट्ट धरला.