पोस्टाचा लाल

सिडकोतल्या आमच्या रो-हाउसला गवत नाही.
पार्किंगच्या आठ फरश्या, कढीपत्ता, नळ,
आणि आता हे बसून चालवायचं गवतकापणीचं यंत्र,
सातपूरच्या कंपनीच्या लिलावातून
किलोच्या भावाने घेतलेलं.
सुलभा म्हणाली, चालवणार कुठे? जिन्यात?
मी म्हणालो, आधी रंगवू तर दे.

रंगवणं म्हणजे निम्मं घासणंच.
तीन दिवस घासतोय. ऐंशी नंबर, मग एकशेवीस,
मग पाण्यात बुडवून चारशे.
लालाखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली हिरवा,
हिरव्याखाली पत्रा,
जानेवारीत हात लावून पटकन काढावा असा.

चाकांना पिशव्या बांधल्या. इंजिनावर वर्तमानपत्र:
निफाडचा पारा चार अंशांवर, द्राक्षमणी तडकण्याची भीती.
त्यावरून मास्किंग टेप.
समोरच्या पगारांच्या टाकीवरून ऊन उतरेपर्यंत थांबायचं,
गार पत्र्यावर रंग धरत नाही, रडतो,
असं मेन रोडचा दुकानदार म्हणाला.
कशाला पाहिजे हे त्याने विचारलं नाही.
पोस्टाचा लाल देऊ का? एवढंच.

डबा हलवायचा. आतली गोळी खडखडली की
पगारांचा नातू गॅलरीत येतो.
वीतभर जवळ नको, हातभर लांब नको,
आणि हात थांबला की संपलं, ओघळ.
माझा पहिला ओघळ डाव्या मडगार्डवर आहे.
तो तसाच वाळू दिला.

मग सीट उलटी केली.
तिथे लाल पोचला नव्हता, पिवळाही नाही.
हिरव्यावर खिळ्याने कोरलेलं:
टिटवी ४. टिटवी ३. धामण १.
टिटवी ४, पैकी २ गेली.
टिटवी ४.
अक्षर बेंडकुळ्यांचं. मस्टरवर एकोणीस वर्षं पाहिलेलं,
पोट फुगलेला व.

बेंडकुळे माळी. मी प्रशासनात.
कॅन्टीनसमोरच्या लॉनवर मधेच उंच गवताची वर्तुळं राहायची,
ताटाएवढी, कधी परातीएवढी.
पाहुणे यायचे, साहेबांना खटकायचं.
मेमो मीच टाइप केला:
सदर ठिकाणी गवत का राहते याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.
खुलासा दुसऱ्याच दिवशी आला, एका ओळीत:
मशीन जुने झाले आहे, पाते आपोआप उचलते.
तो कागद मी फायलीला लावला.
त्याच कागदावर पुढे मशीन बाद झालं, शेडमागे गेलं
आणि बेंडकुळ्यांना ढकलायचं मशीन मिळालं,
सत्तावन्नाव्या वर्षी.

पातं मी काल खोलून पाहिलं होतं.
उचलत नाही.

सुलभा चहा घेऊन आली. तिला वाचून दाखवलं.
चार काय, चार? ती म्हणाली.
अंडी, म्हटलं.
ती कप हातात धरून पत्र्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, एवढी जागा सोड.

तेवढ्यावर टेप मारली, कडा नखाने दाबल्या.
दुसरा डबा हलवला. पांडवलेण्याकडून वारं सुटलं
आणि कढीपत्त्याची वरची पानं लाल झाली,
माझ्या हातावरची लवसुद्धा,
सुलभाच्या चपलेचा अंगठा.
नोझल चोंदलं. डबा उलटा धरून हवेत फुर्र केलं,
पुन्हा खडखड, पुन्हा मडगार्ड.

संध्याकाळी टेप काढली. लालात एक हिरवा चौकोन,
वाकडा, एका कोपऱ्यातून रंग आत शिरलेला,
धामणीच्या एकापर्यंत.

बेंडकुळे आता त्र्यंबककडे कुठल्याशा पाड्यावर असतात म्हणे.
पत्ता फायलीत असेल. फाइल आता माझी नाही.

पगारांचा नातू खाली आलाय,
ओल्या रंगाला बोट लावू का, असं डोळ्यांनी विचारत.
आजोबा, हे चालतं का?
बॅटरी आणायचीय, म्हणतो मी.
आणि गवत?