भिंत धरणारी

माझं काम सोपं. हात वर धरायचे.
तळव्यांतून उजेड निघतो, त्याची भिंत होते,
दोन मैल लांब, देवदारांच्या शेंड्यांएवढी,
आणि लाम्पी हार्बर आत राहतं.
हात खाली, भिंत खाली.
झोपताना मनगटं दोन खांबांना बांधून घेते.

ऑक्टोबरात तांब्याच्या जुन्या खाणीतून
हिरवं पाणी वर आलं, नळांतून घरोघरी गेलं.
सकाळी चारशे बारा माणसं उठली
ती माणसं म्हणून उठली नाहीत.

तेव्हा आम्ही सात जण होतो. टोप्या, झगे, छातीवर चिन्हं.
घार वरून घिरट्या घालायची,
ऑर्व्हिल एका बुक्कीत रस्ता फोडायचा,
टीव्हीवाले सरोवराच्या काठाने तंबू ठोकून होते.
मग घार पुरासाठी ओहायोला गेली,
ऑर्व्हिलची पाठ धरली (खरंच धरली, मी पाहिली),
बाकीच्यांनी हात वर केले आणि गेले.
माझे आधीपासूनच वर होते.

रेडिओ रोज सहाला विचारतो:
आत हालचाल?
आहे.
आक्रमक?
कचरा काढतायत.

कारण आज मंगळवार. अठ्ठ्याऐंशी नंबर
डबा फरफटत रस्त्याच्या कडेला आणून ठेवते.
न्यायला कोणी येत नाही.
बुधवारी सकाळी तो भरलेला डबा
ती तशीच आत नेते.
दोनशे तीनची शिंगं चर्चच्या दारात अडकतात,
चौघं मिळून त्याला तिरका करून आत घेतात, दर रविवारी.
पोरं गोठलेल्या धक्क्यावर हॉकी खेळतात,
बूट पायांत मावत नाहीत म्हणून नखांवरच घसरतात.
गोल झाला की जो आवाज निघतो
त्याला अहवालात मी 'गर्जना' लिहिते.

अठ्ठ्याऐंशी म्हणजे आयली कांगास. शाळेची बस चालवायची.
जानेवारीपासून रोज संध्याकाळी
भिंतीपासून तीन हातांवर येऊन बसते
आणि माझ्या हातांकडे बघते.
एका हाताला अकरा बोटं, दुसऱ्याची मोजता येत नाहीत,
ती एकमेकांत गुंतवते, सोडवते, परत बघते.
मी कळवलं: मोजमाप घेते आहे.
वरून उत्तर आलं: सावध राहा.

फेब्रुवारीत उणे तीस. माझी बोटं निळी पडली,
मग निळीही दिसेनात.
त्या संध्याकाळी तिने काहीतरी भिंतीला लावलं.
लोकर जळल्याचा वास.
हातमोजे होते.
लाल, जाड, उलट्या टाक्याचे,
आणि प्रत्येकाला चार अंगठे.
पाच बोटांचा हिशेब आता तिला लागत नसावा.

मी करंगळी मिटली
की भिंतीला करंगळीएवढं भोक पडतं.
हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.
ती लोकर पिळून, वळून, शेपटासारखी बारीक करून
तिने अलीकडे सारली.
माझ्या पायांशी ती बर्फावर हळूहळू फुगली.

आता पंचाईत अशी,
की मोजे घालायचे तर हात खाली घ्यायला हवेत.

ती उठली. तिने मागे वळून कसलासा आवाज काढला,
लहान मुलांना बसमध्ये बसवताना काढतात तसला.
धक्क्यावरचे थांबले. चर्चच्या दारातला थांबला.
चारशे बारा जण, आणि वारा.

आठ सेकंद लागले. डाव्याला जास्त,
अंगठा कुठला ते सापडेना.
काळी चकती तेवढी घरंगळत रेषेच्या अलीकडे आली.
मी ती पायाने परत ढकलली
आणि हात वर केले.
लोकरीतून उजेड लाल येतो, पण येतो.

रेडिओ म्हणाला: मघाशी भिंत लुकलुकली का?
म्हटलं, बर्फ पडतोय इथे.
आक्रमक?
पलीकडे आयली डब्याचं झाकण नीट बसवत होती.
मी म्हटलं, उद्या बुधवार आहे.
कचऱ्याची गाडी पाठवता येईल का बघा.