फळी

दीडला डबे उघडतात.
बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला, फायलींच्या कपाटामागे
दोन टेबलं जोडून केलेलं एक.
विद्युल्लता झाकण उघडते आणि बोलणंही,
दोन्हींतून वाफ येते.

आज विषय अलिबाग.
शनिवारी कुणाच्या तरी साडूचं घर, आवारात विहीर,
माणशी किती, गाडीनं की बोटीनं,
सेबॅस्टियनला बोट लागते, त्यावर हसणं,
खारकरांना सगळंच लागतं, त्यावर आणखी.

माझ्याकडे एक वाक्य आहे.
माझे वडील भाऊच्या धक्क्यावर होते,
रेवसच्या लाँचवर माणसं मोजायचे.
डोकी नाहीत, चपला.
डोकी वाकतात, वळतात, पदराआड जातात,
फळीवर पाय मात्र एका वेळी एकच पडतो.

चांगलं वाक्य आहे.
फक्त ते ठेवायला जागा हवी,
घास गिळण्याएवढी.
मी तोंड उघडते, "माझे व—"
आणि फाल्गुनी म्हणते, हप्ता वाढला गं आमचा.
झालं. अलिबाग बुडालं,
सगळे उतरून तिच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये गेले.
वाक्य मी भेंडीबरोबर खाल्लं.

ते मला सांगायचे,
लाटेनं लाँच वर उचलली की टाक पाय.
विचार करत राहिलीस तर ती खाली जाते,
मग फळी ओढतात.
मी लाट नीट बघायचे.
बघतच राहायचे.
शेवटी ते काखोटीला मारून मला आत ठेवायचे.

"तू एवढी गप्प का गं?"
विद्युल्लता प्रेमानंच विचारते
आणि पाच तोंडं एकदम थांबतात.
आता जागाच जागा. अख्खा समुद्र.
"काही नाही," मी म्हणते, "भेंडी छान झालीय."
भेंडी माझीच असते.

चमचा पडतो. खरंच पडतो, मी पाडत नाही.
टेबलाखाली
कुणीच बोलत नाहीये.
खारकरांचा अंगठा सँडलबाहेर हवा खातोय,
फाल्गुनीच्या टाचेला चिकटपट्टी,
सेबॅस्टियनचे बूट एकमेकांवर चढलेले,
आणि त्या नव्या मुलीचे पाय, सोमवारी रुजू झालेली ती,
खुर्चीच्या दांडीला विळखा घालून,
जशी खोली हलतेय.

सहा जोड. माझा सातवा.
आत येऊन कोण किती बोललं
हे ते कधी विचारायचे नाहीत.
जोड भरले की शिट्टी.

वर येऊन मी लोणच्याची डबी तिच्याकडे सरकवली.
तिनं फोड घेतली,
आंबट तोंड केलं,
दुसरी घेतली.