तवंग

पोर्ट हारकोर्टहून येताना मी मावशीसाठी पाव आणला
आणि एका वहीत चार देशांचे कायदे.
जनरेटर बंद होता. इनातिमी मावशी
खारफुटीच्या मुळांवरून खरवडलेले खुबे निवडत होती,
जिवंत इकडे, काळे तिकडे.
"वाच," म्हणाली, "हात गुंतलेत, कान मोकळे आहेत."

मी अमेरिकेपासून सुरुवात केली.
तिथे, मावशी, पाण्यावर नुसता तवंग दिसला,
इंद्रधनुष्याचं एवढंसं सालपट,
तरी सरकारला फोन करावा लागतो.
किती लिटर, ते नंतर. आधी रंग.
तिने मान वर केली नाही.
"आणि ज्यांचं पाणी रोजच रंगीत,
त्यांनी कितीदा करायचा फोन?"

नॉर्वेत ज्याची विहीर त्याने भरून द्यायचं,
चूक असो वा नसो.
मासेमारांसाठी तर वेगळं प्रकरणच आहे.
तिकडे डोळ्यांत तेल घालून पहारा देतात, मी म्हणालो.
"आमच्या डोळ्यांत ते आपोआप गेलं,"
आणि एक काळा खुबा टोपलीबाहेर.

फ्रान्समध्ये एक जहाज मोडलं,
तेव्हा न्यायाधीशांनी समुद्राचीच इजा मोजली.
कुणाच्याही मालकीचा नसलेला पक्षी,
त्याचंही मोल धरलं.
इथे तिचे हात थांबले.
"कुणाच्याच मालकीचा नसलेला?"
"हो."
"मग पैसे घ्यायला कोण आलं?"
हे वहीत नव्हतं.

मग आपला.
आपलाही वाईट नाही, मी म्हणालो,
आणि वाचायला खरंच वाईट नाही:
लगेच कळवा, साफ करा, नुकसान भरा.
फक्त शेवटी एक शेपूट आहे.
नळ तिऱ्हाइताने फोडला असेल तर
भरपाई नाही.
आमच्याकडे त्या शेपटानेच
अख्खं जनावर हलतं.

बुधवारी बोट आली.
कंपनीचा माणूस, दोन अधिकारी, नारिंगी जाकिटं,
फॉर्मच्या तीन प्रती.
फुटलेल्या सांध्यावर गंज होता,
नखाने सोलता येईल असा.
मी तो दाखवला. त्यांनी पाहिला. फोटोही काढला.
'कारण' या रकान्यात मात्र लिहूनच आणलं होतं:
घातपात.
शाईचा डबा तेवढा विसरले होते.

माझ्या खिशात पेन होतं, मी ते काढेपर्यंत
मावशी वाकली,
खाडीत अंगठा बुडवला
आणि सहीची जागा सोडून
त्या रकान्यावरच उठवला.

"हे वाळणार नाही, बाई," अधिकारी म्हणाला.

वाळलं नाहीच. तेल कागदात उतरत गेलं,
पहिली प्रत, दुसरी, तिसरी,
आणि अंगठ्याएवढ्या जागेपुरता कागद
काचेसारखा झाला.
घातपात अजून वाचता येत होतं,
पण त्याच्या आरपार आता
खालून कागद धरलेलं
अधिकाऱ्याचं बोट दिसत होतं.

तो ते पाहत राहिला. मीही.
मावशी टोपली घेऊन निघाली होती,
ओहोटी लागली होती.