को-को

लाल मातीच्या माळावर, किंबर्लीपासून दोन तास,
आमच्या प्रांत सरकारनं दोनशे बारा घरं बांधली.
मी त्यांचा तपासनीस.
माझ्याकडे मोजपट्टी, टॉर्च, अठरा रकान्यांचा फॉर्म
आणि पाच रँडचं एक नाणं:
नाणं आत शिरलं तर ती भेग,
नाही शिरलं तर नुसती रेघ.
आमच्या खात्याचं व्याकरण असं आहे.

घर चाळीस चौरस मीटर.
दोन खोल्या, न्हाणी, नळ,
छपरावर उन्हात पाणी तापवणारी टाकी.
कंत्राटदारानं मोठ्या खिडक्या सगळ्या पश्चिमेला काढल्या,
नकाशा उलटा धरला असावा.
फॉर्ममध्ये खिडक्यांची संख्या विचारतात,
दिशा विचारत नाहीत.

घर नंबर एकशे चौऱ्याण्णव: गोइत्सेमांग सेत्लाबी.
आमच्या भाषेत या नावाचा अर्थ
कोणाला ठाऊक?

अर्ज केला तेव्हा तिची मुलगी पाठीवर बांधलेली होती.
आता त्या मुलीची मुलगी पाढे म्हणते.
दर वर्षी द्राक्षांचा हंगाम संपला
की ती कचेरीच्या खिडकीशी जायची.
घर कधी मिळेल?
पलीकडचा बाबू आधी तिचं नाव वाचायचा, मोठ्यानं,
आणि ते नुसतं नाव होतं
की उत्तर,
हे तिला कधी कळायचं नाही.

पावती तिनं चहाच्या डब्यात ठेवलेली,
तीन पिशव्यांच्या आत.
शाई केव्हाच उडून गेली होती.
घड्यांवरून मी ओळखलं, कागद आमचाच:
इतक्या बारीक घड्या
माणूस फक्त सरकारी कागदाला घालतो.

किल्ल्या वाटायच्या दिवशी तंबू होता, बँड होता,
मंत्रीणबाई होत्या, फितीची कात्री मात्र सापडेना.
शेवटी कुणीतरी मेंढ्या कातरायची आणली.
फीत एकाच दाराला पुरली.

मी तेव्हा एकशे चौऱ्याण्णवमध्ये होतो,
गुडघ्यावर बसून, भिंतीशी नाणं घेऊन.
बाहेरून आवाज आला:
को-को.

पत्र्याच्या झोपडीत वाढलेल्याला हे समजावं लागत नाही.
पत्र्यावर टकटक केली तर आतलं निजलेलं बाळ दचकतं,
म्हणून आमच्याकडे दार तोंडानं वाजवतात.
को-को. पुन्हा एकदा.
मी सवयीनं म्हणालो, त्सेना.
ये आत.

ती आत आली. चपला हातात,
मुठीत किल्ली अजून पुठ्ठ्याला बांधलेली.
माझ्याकडे पाहून म्हणाली, आभारी आहे, साहेब.

नाणं माझ्या हातातून पडलं
आणि नव्या फरशीवर बराच वेळ
गोल फिरत राहिलं.
जिनं सत्तावीस वर्षं वाट पाहिली
तिला तिच्याच घरात
ये म्हणणारा मी कोण?

मी बाहेर गेलो. दार ओढून घेतलं.
उन्हात उभा राहिलो. घसा साफ केला.
को-को, म्हटलं.
आतून काहीच नाही.
मग पावलं. नळ उघडून बंद केल्याचा आवाज.
मग खुर्ची सरकावल्यासारखं काहीतरी,
पण आत खुर्ची नव्हती.
मी थांबलो.
आमच्या खात्यातल्या माणसाला
दाराबाहेर थांबायची सवय नसते.

कोण आहे? तिनं विचारलं.

शेवटचा रकाना जुन्या झोपडीचा.
पाडल्याशिवाय ताबा द्यायचा नाही, असा नियम.
आम्ही दोघं पलीकडच्या वस्तीत गेलो,
तिच्या जावयानं खिळे उपटले, दोन माणसांनी पत्रे उचलले.
एक तिनं धरून ठेवला, गंजलेला, कडेला वाकलेला.
हा राहू दे.
कशाला, मा?
तिनं पश्चिमेकडे हनुवटी केली.

मी लिहिलं: झोपडी पाडली, होय.
परत निघालो तेव्हा चार वाजले होते.
एकशे चौऱ्याण्णवच्या मोठ्या खिडकीवर तो पत्रा तिरका टेकलेला,
आणि त्याच्या सावलीत नात
दुपारपासून पहिल्यांदाच आत बसली होती.
पत्र्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.